‘वीकनेस’ हा पत्त्याचा प्रकार नव्हे : आर्कम हॉररच्या डावात वारंवार होणारा वाद आणि तो सोडवण्याची रीत

आर्कम हॉरर : द कार्ड गेम हा सहकारी खेळ आहे, खेळणारे सगळे एका बाजूला आणि खेळ स्वतः दुसऱ्या बाजूला. प्रतिस्पर्धीच नसेल तर नियमांवरून वाद कशाला होईल, असे नवख्या माणसाला वाटते. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी दर शनिवारी रात्री चौघांचा डाव बसतो आणि आमचा अनुभव नेमका उलटा आहे. समोर “हे चालणार नाही” म्हणून ठणकावणारा कोणी नसतो आणि नियमाचा सोयीचा अर्थ चौघांच्याही फायद्याचा असतो, त्यामुळे चूक झाली तरी ती चौघांच्या संमतीने होते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तशीच होते. हे वाद बहुतेक वेळा एकाच जागी उगम पावतात: हा पत्ता नेमका कोणत्या प्रकारचा मानायचा?

प्रकाशक फँटसी फ्लाइट गेम्सने 2016 साली हा खेळ बाजारात आणला. नेट फ्रेंच आणि एमजे न्यूमन हे त्याचे रचनाकार. 2021 साली मूळ संचाची सुधारित आवृत्ती आली, तिच्या एकाच खोक्यात चौघांना खेळता येते. पत्ते इंग्रजीत आहेत आणि आम्ही बोलतो मराठीत, त्यामुळे ॲसेट (समोर मांडून ठेवायचे साधन किंवा साथीदार), इव्हेंट (खेळला की परिणाम घडवणारा पत्ता), ट्रेचरी (अंगावर येणारे संकट) आणि वीकनेस (आपल्याच गड्डीत मिसळलेला, आपल्यालाच नडणारा पत्ता) हे शब्द आम्ही आहेत तसेच वापरतो. भाषांतर करण्याचा प्रयत्न एकदा करून पाहिला होता, पण ‘ट्रेचरी’ला ‘दगाफटका’ आणि ‘वीकनेस’ला ‘दुबळेपणा’ म्हणू लागल्यावर गोंधळ दुप्पट झाला.

प्रसंग असा घडला. या खेळात प्रत्येक जण एक पात्र घेतो. आमच्याकडे वहिनी डेझी वॉकर ही ग्रंथपाल घेऊन खेळतात, पुतण्या ॲग्नेस बेकर घेतो, मी रोलँड बँक्स घेतो आणि शेजारचे दिवाणजी ‘स्किड्स’ ओ’टूल घेऊन बसतात. दिवाणजींची सारी हयात मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर गेली, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखते. त्या रात्री दिवाणजींच्या गड्डीतून सायकोसिस हा वीकनेस निघाला. तो थ्रेट एरियात, म्हणजे खेळाडूसमोर संकटे मांडायच्या जागेत बसतो, धारकाला (ज्याच्या गड्डीतला पत्ता आहे त्याला) हॉरर, म्हणजे मनावरचा आघात, बसला की सोबत थेट डॅमेज, म्हणजे शरीराची इजाही देतो, आणि दोन ॲक्शन (पाळीतल्या कृती) खर्च केल्या की टाकून देता येतो. पुतण्या त्याच जागी उभा होता, त्याने आपल्या तीनपैकी दोन ॲक्शन खर्च करून दिवाणजींचा हा पत्ता काढून टाकला, आणि ते नियमाला धरूनच होते.

दोन फेऱ्यांनंतर वहिनींच्या हाती नेक्रोनॉमिकॉन आला. हाही वीकनेस आणि हाही थ्रेट एरियातच बसतो. त्याच्यावर तीन हॉरर ठेवायचे असतात, आणि एक ॲक्शन दिली की त्यातला एक हॉरर डेझीच्या अंगावर सरकवता येतो. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मघाशी याने दिवाणजींचा पत्ता काढला ना? मग याच्याच ॲक्शन वापरून माझ्याही पत्त्यावरचे हॉरर सरकवू या. हॉरर मी सोसते, निदान माझ्या ॲक्शन तरी वाचतील.” पुतण्या लगेच तयार झाला आणि मीही मान डोलावली. दिवाणजींनी मात्र पत्ता उचलून चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षरांत छापलेला एकच शब्द मोठ्याने वाचला: “ॲसेट.”

सायकोसिस ट्रेचरी आहे आणि नेक्रोनॉमिकॉन ॲसेट आहे, हा सगळा फरक त्या एका शब्दात होता. ‘वीकनेस’ हा पत्त्याचा प्रकार नव्हे. तो प्रकाराच्या जोडीला येणारा उपप्रकार आहे. प्रत्येक वीकनेस हा आधी ॲसेट, इव्हेंट, स्किल, एनिमी किंवा ट्रेचरी यांपैकी काहीतरी असतो, आणि त्याला कोणाचा हात लागू शकतो हे त्या मूळ प्रकारावरून ठरते. नियमपुस्तिकेनुसार एनिमी किंवा ट्रेचरी या प्रकारचा वीकनेस इतर एन्काउंटर पत्त्यांप्रमाणेच (खेळाच्या बाजूच्या गड्डीतल्या पत्त्यांप्रमाणे) कोणाही खेळाडूच्या ताब्यात नसतो, तर ॲसेट, इव्हेंट किंवा स्किल या प्रकारचा वीकनेस त्याच्या धारकाच्या ताब्यात असतो. त्याला जोडून दुसरा नियम असा आहे, की आपण ज्या जागी आहोत तेथे असलेल्या कोणाच्याही थ्रेट एरियातील एन्काउंटर पत्त्याची क्षमता आपल्याला वापरता येते. परंतु दुसऱ्याच्या ताब्यातल्या ॲसेटची क्षमता, तशी परवानगी पत्त्यावरच लिहिलेली नसेल तर, वापरता येत नाही. म्हणून दिवाणजींचा सायकोसिस पुतण्याला काढता आला, आणि वहिनींचा नेक्रोनॉमिकॉन मात्र वहिनींनाच आपल्या ॲक्शन घालून रिकामा करावा लागला.

“पण दोन्ही थ्रेट एरियातच आहेत की!” हा वहिनींचा आक्षेप स्वाभाविक होता, आणि माझ्या मते या खेळातल्या निम्म्या घोटाळ्यांचे मूळ याच वाक्यात आहे. पत्ता कुठे ठेवला आहे यावरून तो काय आहे हे ठरवण्याची आपल्याला सवय असते. दिवाणजींनी त्यावर जे सांगितले ते आता आमच्या घरात म्हणीसारखे झाले आहे: “हरिपूरच्या पेवात उतरवली म्हणून राजापुरी हळदीची जात बदलत नाही, वहिनी. पेव ही जागा झाली. जात पावतीवर लिहिलेली असते.” ज्यांनी हरिपूरची पेवे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, की हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांतून वेगवेगळ्या धन्यांचा माल राहत असे, आणि कोणाचा, कोणता व कुठे ठेवलेला, हे तीन प्रश्न तीन वेगळ्या रकान्यांत लिहिले नाहीत तर पेढी बुडायला वेळ लागत नसे.

तेव्हापासून पत्त्यावर वाद झाला की आम्ही तो पत्ता पुन्हा वाचतो आणि हेच प्रश्न एकेक करून सुटे विचारतो. छापलेला प्रकार कोणता, त्यावर वीकनेससारखा उपप्रकार आहे काय, ठळक तिरप्या अक्षरांतले ट्रेट (‘मॉन्स्टर’सारखे गुणदर्शक शब्द) कोणते, पत्ता सध्या कुठे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावायचे नाही, एवढे पथ्य पाळले तर दहापैकी आठ वाद तेथेच मिटतात. उरलेले दोन खरोखरच कठीण असतात, त्यांच्याकडे नंतर येतो.

वीकनेस हाती आल्यावर तो जातो कुठे

पुतण्याने दोन शनिवार केलेली चूक याच जातीची होती. ॲग्नेसचा स्वतःचा वीकनेस म्हणजे डार्क मेमरी. तो निघाला की पुतण्या तो थ्रेट एरियात ठेवून मोकळा होई, कारण “वीकनेस आला की समोर ठेवायचा” असा नियम त्याने मनाशी पक्का केला होता. प्रत्यक्षात डार्क मेमरी हा इव्हेंट आहे आणि त्यावर ‘रिव्हेलेशन’ (पत्ता निघताच घडणारा परिणाम) असा शब्दच नाही. त्यामुळे तो हातातच राहतो. त्याची किंमत दोन रिसोर्स (खेळातले चलन) आहे. तो खेळण्यासाठी इतर कोणत्याही साध्या इव्हेंटप्रमाणे एक ॲक्शन लागते आणि खेळला की चालू अजेंड्यावर (खेळाच्या बाजूची प्रगती दाखवणाऱ्या पत्त्यावर) एक डूम, म्हणजे अनर्थाची खूण, चढतो. खेळला नाही तर आपली पाळी संपताना तो हातात असल्याबद्दल दोन हॉरर घ्यावे लागतात. पुतण्या तो समोर ठेवून देत असे, म्हणजे दोन्ही दंडांतून सुटत असे, आणि आमच्यापैकी कोणालाच ते खटकले नाही. सोयीची चूक डोळ्यांना दिसत नाही ती अशी.

रोलँडचा कव्हर अप ही ट्रेचरी आहे आणि तिच्यावर ‘रिव्हेलेशन’ आहे, म्हणून ती लगेच तीन क्लू अंगावर घेऊन थ्रेट एरियात येते. पॅरनॉइया हीसुद्धा ट्रेचरीच, पण तिचे रिव्हेलेशन सगळे रिसोर्स टाकायला लावते आणि तेवढ्यावर ती संपते, ती समोर ठेवायची नसते. मॉब एनफोर्सर हा एनिमी आहे, म्हणून एन्काउंटर गड्डीतून निघाल्यासारखा खेळात येतो आणि धारकाच्या मागे लागतो. तो मारला गेला की एन्काउंटरच्या ढिगात न जाता धारकाच्याच टाकलेल्या पत्त्यांत जातो. हे शेवटचे विसरले, की धारकाची गड्डी संपून टाकलेले पत्ते पुन्हा पिसले जातात तेव्हा एक पत्ता कमी भरतो आणि आपला गुंड कायमचा बेपत्ता होतो. आमच्याकडे तो एकदा तीन डाव बेपत्ता होता.

येथे एक जोडनियमही ध्यानात ठेवावा: हातातला वीकनेस स्वतःच्या मर्जीने टाकून देता येत नाही, तशी मुभा एखाद्या पत्त्यावर स्पष्टपणे लिहिलेली असेल तरच देता येतो.

पत्त्यावरचा वगळणारा शब्द

प्रकाराविषयी शंका आली आणि पुस्तिकेत नेमकी ओळ सापडत नसेल, तर दुसऱ्या पत्त्यांची भाषा कामी येते. मूळ संचात वॉर्ड ऑफ प्रोटेक्शन हा इव्हेंट आहे. वीकनेस नसलेली ट्रेचरी आपल्या हाती आली की तो खेळता येतो आणि तिचे रिव्हेलेशन रद्द करता येते, मात्र त्याबद्दल एक हॉरर घ्यावा लागतो. आता ‘वीकनेस नसलेली’ हे शब्द तेथे छापण्याची गरज का भासली, हे पाहावे. वीकनेस असलेला पत्ता ट्रेचरी नसताच, तर त्याला वेगळे वगळावे लागले नसते. ज्या अर्थी वगळले आहे, त्या अर्थी तो मुळात आत होता. दिवाणजींना हा युक्तिवाद फार आवडतो, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार ठरावात ‘अमुक वगळून’ असे लिहिले की ते अमुक काय होते हे आपोआप सिद्ध होते. मला त्यात धोकाही दिसतो: सर्व पत्ते एकाच वर्षी आणि एकाच हाताने लिहिलेले नाहीत, त्यामुळे या पद्धतीने निघालेला निष्कर्ष आधार म्हणून घ्यावा, निकाल म्हणून नव्हे.

एकच शब्द, वेगवेगळे अर्थ

काही संदिग्धता मात्र खेळाच्या शब्दांतच आहे. ‘स्किल’ हा शब्द तीन जागी येतो. इच्छाशक्ती, बुद्धी, लढाई आणि चपळाई या चार गुणांना स्किल म्हणतात, त्यांची चाचणी म्हणजे स्किल टेस्ट, आणि स्किल नावाचा पत्त्याचा एक प्रकारही आहे. स्किल टेस्टमध्ये केवळ स्किल प्रकारचेच पत्ते लावता येतात (म्हणजे चाचणीला बळ म्हणून हातातून देता येतात), असा समज यातूनच होतो. खरे तर योग्य चिन्ह असलेला ॲसेट किंवा इव्हेंटही लावता येतो. असे लावणे म्हणजे तो पत्ता खेळणे नव्हे. त्याची किंमत द्यावी लागत नाही आणि त्याच्यावरचा मजकूरही इव्हेंट म्हणून घडत नाही. त्याच जागी असलेल्या दुसऱ्या खेळाडूला अशी मदत करताना एकच पत्ता लावता येतो, हेही आमच्याकडे वारंवार विसरले जाते.

‘ॲलाय’चेही (साथीदाराचेही) तसेच. ते ट्रेटही आहे आणि स्लॉटचे, म्हणजे ॲसेट बाळगण्याच्या ठराविक जागेचे नावही. डनिच लेगसी या विस्तारातल्या ॲशकॅन पीटचा कुत्रा ड्यूक याच्यावर ॲलाय हे ट्रेट आहे, पण स्लॉटचे चिन्ह नाही. म्हणून तो ॲलायची एकमेव जागा अडवत नाही. ट्रेटला स्वतःचा असा कोणताही परिणाम नसतो, दुसरा एखादा पत्ता त्याचे नाव घेतो तेव्हाच ते कामाला येते. लिटा चँटलर या साथीदाराचे उदाहरण घ्या. तिच्या जागी असलेल्या खेळाडूने ‘मॉन्स्टर’ ट्रेटच्या एनिमीवर यशस्वी हल्ला केला की एक डॅमेज जास्त बसतो. घूल मिनियनवर ते ट्रेट आहे, मॉब एनफोर्सरवर नाही. दोघेही एनिमीच, दोघेही आपल्यालाच मारतात, पण लिटाच्या लेखी एकच राक्षस आहे. खेळातल्या कथेच्या पहिल्याच प्रसंगात ती दिवाणखान्यात भेटते तेव्हा ती ॲसेट असते खरी, पण बोलणी करून तिला आपल्या बाजूला घेईपर्यंत कोणाच्याच ताब्यात नसते. तेवढ्या वेळात ‘तुमच्या ताब्यातला ॲसेट’ म्हणून तिला मोजू नये.

तरीही उत्तर मिळाले नाही तर

आधी पत्ता, मग नियमपुस्तिका, मग प्रकाशकांनी प्रसिद्ध केलेली प्रश्नोत्तरे, या क्रमाने शोधावे. पत्ता आणि पुस्तिका यांत विरोध आला तर पत्त्याचे म्हणणे मानायचे, हा या खेळाचा सुवर्णनियम आहे. ‘कॅनॉट’ हा शब्द मात्र निरपवाद आहे. एका पत्त्यावर ‘कॅनॉट’ असेल तर दुसऱ्या पत्त्याची परवानगी त्याच्यापुढे चालत नाही.

एवढे करूनही काही हाती लागले नाही, तर पुस्तिकेनेच ‘ग्रिम रूल’ दिला आहे: प्रसंग जिंकण्याच्या दृष्टीने त्या क्षणी जे सर्वांत वाईट वाटेल ते घडले असे मानून खेळ पुढे न्यायचा. सहकारी खेळाला हा नियम शोभतो, कारण येथे मोह नेहमी आपल्याच बाजूचा असतो आणि ग्रिम रूल तो मोह कापून काढतो. आमच्याकडे सुरुवातीला याचा अतिरेक झाला. शोधण्याचा कंटाळा आला की पुतण्या “ग्रिम!” असे ओरडून मोकळा होई आणि जेथे नियम स्वच्छ लिहिलेला होता तेथेही आम्ही विनाकारण मार खाल्ला. हा नियम उत्तर न सापडल्यावरचा आहे, उत्तर न शोधण्यासाठीचा नाही. आता आम्ही शोधायला पाच मिनिटे देतो, घड्याळ वहिनींकडे असते. तेवढ्यात ओळ सापडली नाही तर वाईटात वाईट अर्थ घेऊन पुढे जातो आणि पत्त्याचे नाव, प्रश्न व त्या रात्रीचा निकाल वहीत टिपतो. पुढे खरा नियम सापडला तरी जुना डाव उकरून काढायचा नाही, वहीत दुरुस्ती करायची आणि पुढच्या शनिवारपासून तसे खेळायचे. (वहीला हळदीचे आणि पत्त्यांना भडंगाचे डाग पडू नयेत म्हणून पत्ते प्लॅस्टिकच्या खोळींत घातले आहेत. भडंग टेबलावरून हटवण्याचा प्रस्ताव एकमताने फेटाळला गेला.)

वहीतली एक नोंद

क्रिप्ट चिल ही ट्रेचरी इच्छाशक्तीची चाचणी घ्यायला लावते. चाचणी फसली की आपल्या ताब्यातला एक ॲसेट निवडून टाकायचा, आणि तसे करता येत नसेल तर दोन डॅमेज घ्यायचे. वहिनींची चाचणी फसली तेव्हा त्यांच्यासमोर नेक्रोनॉमिकॉन होता, त्याच्यावर दोन हॉरर शिल्लक होते, आणि त्या उभ्या होत्या त्या जागेला त्यांनीच खेळलेला बॅरिकेड जोडलेला होता. दुसरे काहीही खेळात नव्हते. वहिनींनी आधी बॅरिकेड पुढे केला. तो जागेला जोडून राहतो, अनेक फेऱ्या टिकतो, दिसायला ॲसेटसारखाच वागतो. पण छापलेला प्रकार इव्हेंट आहे, आणि जागेला जोडल्याने तो ॲसेट होत नाही, जसे लॉक्ड डोअर जागेला जोडल्यावरही ट्रेचरीच राहते. बॅरिकेड बाद झाला.

मग वहिनी म्हणाल्या, “ठीक आहे, नेक्रोनॉमिकॉन टाकते. तुम्हीच म्हणालात की हा ॲसेट आहे, आणि माझ्याच ताब्यातला आहे.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि क्षणभर आम्हा तिघांनाही वाटले की वहिनींनी आमच्याच नियमाने आम्हाला पकडले. पुतण्या ‘ग्रिम’ म्हणण्याच्या बेतात होता, पण पाच मिनिटे संपली नव्हती. दिवाणजींनी पत्ता पुन्हा वाचला: हॉरर शिल्लक असेपर्यंत हा पत्ता खेळातून जाऊ शकत नाही, असे त्याच्यावरच लिहिले आहे, आणि तेथे शब्द ‘कॅनॉट’ आहे. पुस्तिकेत लक्ष्याविषयीचा नियम सापडला, की ज्या पत्त्यावर परिणाम होऊच शकत नाही तो लक्ष्य म्हणून निवडता येत नाही. म्हणजे ॲसेट आहे, ताब्यातही आहे, तरी निवडण्याजोगा नाही. हॉरर शून्यावर आणून ठेवले असते तर तोच पत्ता हसत हसत टाकता आला असता, आणि तेव्हापासून वहिनी ते काम पहिल्या फेरीत उरकतात.

डेझीची तब्येत पाचच असते आणि तिला आधीच तीन डॅमेज बसलेले होते. वहिनींनी आणखी दोन ठेवले, पत्ते गोळा केले आणि “बघू द्या ती ओळ” म्हणून पुस्तिका हातात घेतली.